साडीगार्ड कुणी काढलं?

मोटारसायकल नटवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून दोन-तीन भाचे आणि एक पुतण्या लगेच फोन करतील की आत्या (आणि काकू) आता म्हातारी झाली. माझं भांडण गाडी सोलणाऱ्यांशी आहे. नटवणं वेगळं, सोलणं वेगळं. आणि आपल्याकडे गंमत अशी की नटवणाऱ्याला लोक 'गावठी' म्हणून हसतात आणि सोलणाऱ्याला 'काय क्लीन लूक आहे राव' म्हणून शाबासकी देतात.

माझं माहेर सांगली, सासर सातारा. म्हणजे एमएच १० आणि एमएच ११. मधल्या सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत मी कित्येक वर्षं कुणा ना कुणाच्या मागे बसून हिंडले आहे. आधी दादाच्या, मग नवऱ्याच्या, आता भाच्यांच्या. गाड्यांबद्दल बोलायचा माझा अधिकार एवढाच, की मी त्या मागून पाहिल्या आहेत. गाडीबद्दल लिहिणारे सगळे पुढे बसणारे असतात, म्हणून म्हटलं एकदा मागचंही लिहावं.

तर आधी नटवण्याविषयी. आमच्या भागात बेंदराला बैल नटवतात. शिंगं घासायची, रंगवायची, टोकाला पितळी शेंब्या, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळावर गोंडा. ज्या घरात आता बैल उरला नाही त्या घरातला पोरगा मोटारसायकलच्या हँडलला गोंडे बांधतो, टाकीवर भैरोबाचं नाव लिहितो, पुढच्या मडगार्डला लिंबू-मिरची अडकवतो, खंडेनवमीला झेंडूची माळ घालतो. मला यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही. पोटापाण्याला उपयोगी पडणाऱ्या वस्तूला माणसानं सजवावं ही आपली जुनीच खोड आहे.

आणि ही कामं पोरं हातानं करतात हे मला फार आवडतं. माझ्या एका भाच्यानं गॅरेजवाल्याला एक पैसा न देता जुन्या गाडीची टाकी घरी रंगवली. तीन नंबरचे पॉलिश पेपर आणले, आधी जाड, मग बारीक, मग पाणी लावून अगदी बारीक. जुना रंग पूर्ण उतरवला, प्रायमर मारला, एक दिवस थांबला (या मुलाला एक दिवस थांबताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं :-) ), मग डब्यातला स्प्रे, पातळ पातळ तीन हात, वरून क्लिअर कोट. मग रेडियमवाल्याकडून पट्टे कापून आणले. साबणाचं पाणी शिंपडून पट्टा टाकीवर ठेवायचा म्हणजे तो सरकवता येतो, मधून कडेला पाणी दाबत न्यायचं आणि वळणावर वहिनीच्या केस वाळवायच्या मशीनची गरम हवा द्यायची, म्हणजे रेडियम गोलाईला चिकटून बसतं. ज्या पोरानं घरात कधी खिळा ठोकला नाही तो चार दिवस धीरानं काम करत होता. शेजारचे काका म्हणाले, "त्यापेक्षा अभ्यास कर म्हणावं." मी म्हटलं, काका, हाही अभ्यासच आहे.

रेडियमचा तर उपयोगही आहे. उसाच्या हंगामात रात्री पेठ-सांगली रस्त्यानं आला असाल तर कळेल. कृष्णा, राजारामबापू वगैरे कारखान्यांकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यात कुणाची मागची पट्टी चिखलानं झाकलेली. त्या अंधारात चमकणारा पट्टा मागे लावलेली मोटारसायकल दिसते तरी. तेव्हा लावा बापडे हो, भरपूर लावा.

(नंबरप्लेटवर ४१४१ चं 'दादा' करणाऱ्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. ती पाटी तुमची नाहीच, ती रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षेची पाटी मुळातच येऊ लागली, जुन्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बसवायचा हुकूम निघाला आणि २०२५ मध्ये मुदतीवर मुदत वाढत गेली. दादा, मामा, सरकार सगळे हळूहळू निवृत्त होताहेत. असो.)

आता सोलण्याकडे वळते.

नवी गाडी घरी येते. पेढे वाटून होतात. आठवड्याच्या आत पाने निघतात आणि गाडीवरून एकेक वस्तू उतरू लागते. आधी आरसे. मग साडीगार्ड आणि त्याच्याबरोबरची ती आडवी पट्टी, जिला आपण लेडीज फूटरेस्ट म्हणतो. मग मागची धरायची दांडी. मग चेनचं कव्हर, निदान अर्धं. शेवटी मागचं मडगार्ड कापून नंबरप्लेट सीटखाली वर घेतात, म्हणजे चाक उघडं आणि 'रुंद' दिसतं. खर्च शून्य. कौशल्य शून्य. बारा नंबरचा पाना फिरवता आला की झालं. वर याला नाव 'मॉडिफिकेशन'!

या यादीकडे जरा नीट बघा. साडीगार्ड, फूटरेस्ट, दांडी, मडगार्ड, चेनकव्हर. यातली पुढे बसणाऱ्याच्या कामाची वस्तू कोणती? एकही नाही. सगळ्या मागे बसणाऱ्याच्या. आरसा तेवढा त्याच्या कामाचा, पण तो काढल्यावर ते कामही माझ्याकडेच येतं. मीच मान वळवून सांगायचं, "हळू, मागनं ट्रक आलाय." गाडीची शोभा पुढच्याची आणि तिची किंमत मोजायची मागचीनं. हा सौंदर्याचा प्रश्न आहे असं मला कुणी सांगू नये.

माझं स्वतःचं म्हणाल तर पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचा उत्साह मला अजून आहे. मडगार्ड नसलेल्या गाडीवरून गेलं की परत येताना कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ. पुढचा कोरडा ठणठणीत, "मजा आली ना काकू?" विचारतो. चिखल धुता येतो हो. त्याची तक्रार मी एवढीशीच करणार.

पण आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं झालं ते धुता येणारं नव्हतं. साताऱ्यातच, बोगद्याकडच्या चढाला. नवं लग्न, नवी गाडी, साडीगार्ड काढलेलं, चेनकव्हर अर्धं. ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. चढ होता, वेग नव्हता, पिन तुटली आणि ओढणी फाटली म्हणून ती वाचली. गळ्याभोवती काळानिळा पट्टा पंधरा दिवस होता. तिला भेटायला आलेल्या बायका काय म्हणाल्या माहीत आहे? "ओढणी नीट बांधायची ना गं." एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की चाकावरची जाळी कुठे गेली. मी विचारलं. नवरा म्हणाला, "ती शोरूममधून आल्या दिवशीच काढली, लूक जातो." सासूबाई चहा ढवळत बसल्या होत्या. ओढणीला बारा सूचना आणि जाळीला एकही नाही!

ही जाळी कुणा कंपनीच्या लहरीनं लावलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यातला १२३ वा नियम नेमका हाच आहे: मोटारसायकलला मागच्या माणसासाठी पक्की धरायची मूठ हवी, पाय ठेवायची सोय हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. म्हणजे कुणीतरी कधीतरी मागच्या माणसाचा विचार करून कागदावर लिहून ठेवलं आहे.

आणि आता कायद्याची गंमत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. साडीगार्ड लिहिलेलं नसतं. त्यामुळे चार दिवस खपून टाकी निळीची लाल करणारा माझा भाचा कागदाच्या हिशेबानं थेट सापडतो. आणि दहा मिनिटांत जाळी उतरवणारा? तोही नियमाबाहेरच, पण चौकात त्याला कुणी थांबवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. फटाके वाजवणारे सायलेन्सर पोलिस जप्त करतात, रोडरोलरखाली चिरडतात, पेपरात फोटो येतो. चांगलंच करतात. पण सायलेन्सर ऐकू येतो. नसलेली जाळी ऐकू येत नाही.

आता पोरांचे मुद्दे. मी त्यांच्याशी भांडले आहे, त्यामुळे मला ते पाठ आहेत.

पहिला: "आत्या, आता कोण बसतंय सायडनं? सगळ्या जीन्स घालत्यात." बरं. मग परवाच्या लग्नाला तुझी आई कशी आली? हळदीकुंकवाला वहिनी कशी जाते? बाजारच्या दिवशी मिरज रस्त्याला उभं राहा आणि मोज. नऊवारी, सहावारी, पंजाबी ड्रेस, बुरखा, सगळं मोटारसायकलच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेलं दिसेल. मांडीवर मूल, हातात पिशवी, आणि धरायची दांडी काढलेली. ती बाई धरते कशाला? सीटच्या शिवणीला!

दुसरा मुद्दा जरा शिकलेला: "बाहेर बघ, कॅफे रेसर, बॉबर, सगळं असंच असतं." हे मी मुद्दाम वाचून काढलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत पोरांनी मागचं मडगार्ड आखूड करून गाड्या हलक्या केल्या, ते बॉबर. १९५० आणि ६० च्या दशकात लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांनी वेगासाठी हँडल खाली घेतलं, ते कॅफे रेसर. त्या गाड्या बहुधा एकट्याच्या. आपल्याकडेही जावानं २०१८ मध्ये पेराक जाहीर केली, ती एका सीटची. त्यात प्रामाणिकपणा आहे. मागे कुणी बसायचंच नाही तर जाळी कशाला? तुम्हाला बॉबर करायची हौस आहे ना, मग मागची सीटही काढा. ते कुणी करत नाही. मागची सीट ठेवायची, तिच्यावर बायकोला, आईला बसवायचं आणि फक्त तिच्या वाटणीच्या वस्तू काढायच्या.

तिसरा मुद्दा, "माझी गाडी आहे." हप्ते कोण फेडतंय ते मी इथे लिहीत नाही, घरातले लोक वाचतात.

यावरून प्रिया स्कूटर आठवली. साताऱ्याच्या पोरांना आता सांगावं लागतं की महाराष्ट्र स्कूटर्स नावाची कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली, बजाज आणि सरकारी महामंडळ यांची मिळून, आणि प्रिया साताऱ्यात तयार व्हायची. तिला चेनच नव्हती आणि मागचं चाक निम्म्याहून अधिक पत्र्याच्या पोटात. तिरकी करून किक मारावी लागायची, स्पार्क प्लग काळा व्हायचा, सगळं खरं. पण आमच्या आईची इरकल तिच्यात कधी गेली नाही. आणि प्रिया लोकांनी नटवली नाही असं थोडंच आहे? सीटला झालरीचं कव्हर, पायाखाली रबरी मॅट, स्टेपनीला नाव घातलेलं कव्हर, चिखलाच्या रबरावर 'आई'. पण त्या हौसेत सगळी भर होती, वजाबाकी नव्हती.

आरएक्स १००वाल्यांनाही मी याच कारणानं मान देते. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघालेली गाडी, पण तिच्यावर जीव टाकणारे आमच्याकडे आजही आहेत. ते मूळ साइड पॅनेल, मूळ स्टिकर, मूळ मडगार्ड शोधत भंगारबाजार पालथे घालतात. तीस वर्षांपूर्वी कुणी काढून फेकलेली वस्तू आज मिळेल त्या भावानं परत आणतात.

आणि हो, गॅरेजवाल्या भावांनो, तुमचीही थोडी. गिऱ्हाइकानं नट फिरवायला सांगितला की तुम्ही फिरवता, धंदा आहे, कबूल. पण "हे काढून टाका, गाडी उठून दिसंल" असं तुम्हीच आधी सुचवता, हे मी बाकड्यावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. त्या बाकड्यावर गिऱ्हाइकाची बायकोही बसलेली होती.

काढलेली साडीगार्ड कुठे जातात याचाही मी तपास केला. निदान आमच्या दोन घरांपुरता. सांगलीच्या घरी माळ्यावर, पाण्याच्या बंबाशेजारी, तीन आहेत. एकावर वेल चढवलेला होता म्हणून ते परसात होतं, तेही आणलं तर चार. साताऱ्याच्या घरी एक, गंजलेलं, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला. बसवायला दोन-तीन बोल्ट आणि दहा मिनिटं लागतात. काळं दिसतं म्हणून आवडत नसेल तर पॉलिश पेपर मारून टाकीच्या रंगाचं करा, रेडियमचे पट्टे मारा, गोंडे बांधा, माझी ना नाही. दिवाळीला मी सांगलीला येते आहे. माळ्याची शिडी काढून ठेवा. बोल्ट मी घेऊन येते.