मुली शिकल्या; संघटित व्हायला कुठे शिकणार?

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही घोषणा नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांत भिंतींवर लिहिलेली आहे. यातला पहिला शब्द आपण मुलींच्या बाबतीत मनावर घेतला. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने कर्ज काढून लेकींना क्लास लावले, शहरात खोली करून दिली. पण दुसऱ्या शब्दाचं काय? सहा-आठ जणींनी एकत्र यायचं, आपल्यातलीच एक नायिका म्हणून पुढे करायची, जखमीला पट्टी बांधायची, दोन काठ्या आणि चादरीचं स्ट्रेचर करायचं, घरापासून दूर तंबूत राहायचं, हे आपल्या मुली कुठे शिकतात? यासाठीची एक जागा शाळेतच आहे. तिचं नाव गाईड कंपनी. आणि तिथे मुलीला पाठवायला बहुतेक वेळा आपणच आडवे येतो.

वस्त्यांत काम करताना आईबापांकडून आम्ही एकच वाक्य ऐकतो: "पोरीची जात, रात्री बाहेर कशी ठेवायची?" ही भीती हवेतून आलेली नाही. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जाळून मारलं गेलं. पण घरात ठेवल्याने मुलगी वाचते, हा हिशोब तपासून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांआधी झालं होतं. शेजारच्या परभणीत ४८ टक्के. ही लग्नं कुठल्या कॅम्पमध्ये ठरली नाहीत, घराच्या ओट्यावर ठरली. मुलगी दहाव्या वर्षी गाईड होऊ शकते. नेमक्या याच वयापासून घर तिला आवळायला लागतं.

चळवळीतल्या मित्रांचा आक्षेप वेगळा. ते म्हणतात, "ही इंग्रजांची संस्था, तिथे परमात्म्याची प्रार्थना." मित्रहो, इतिहास पाहा. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर मुलांचा स्काउट मेळावा होता. मुली बोलावणं नसताना तिथे जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्यासाठी गाईड संघटना काढावी लागली. भारतात सुरुवातीला स्काउटिंग फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. भारतीयांनी ते दार उघडायला लावलं. दार बंद होतं म्हणून पाठ फिरवायची असती, तर आपण चवदार तळ्यावर कशाला गेलो असतो?

प्रार्थनेचं म्हणाल, तर भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या प्रतिज्ञेत 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' म्हणण्याची मुभा नियमातच आहे. शिवाय संविधानाचं कलम २८(३) आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. हा हक्क वापरा. मुलीला घरी बसवणं हे त्यावरचं उत्तर नव्हे.

"मग समता सैनिक दल कशाला आहे?" दल हवंच. पण दलाच्या किती शाखांत पंधरा वर्षांची मुलगी हुकूम देते आणि मुलं तो पाळतात? जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. तिथे हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी सांगितलं की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. आज गाईडमध्ये संघ चालवणारी मुलगीच उद्या दल चालवेल.

आता सरकारकडे वळू. २०२४-२५ साली 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत दुसरा गणवेश स्काउट-गाईडच्या धर्तीचा ठरवला गेला. कपड्याचा रंग ठरला. पण तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत कंपनी आहे का? प्रशिक्षण घेतलेली गाईड कॅप्टन आहे का? खासगी शाळेतली मुलगी तृतीय सोपान पार करून राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाते. पुढे रेल्वे भरतीत स्काउट-गाईड कोटाही तिच्यासाठी असतो. आपल्या मुलीला मात्र फक्त कापड मिळतं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत. त्यांनी गाईड कंपनीची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मुख्याध्यापक "शिक्षिका नाही" म्हणाले, तर जिल्हा स्काउट-गाईड कार्यालयात जावं. कॅम्पला कोण शिक्षिका सोबत आहे, मुक्काम कुठे आहे, हे पालकांनी विचारावं; तो त्यांचा अधिकार आहे. महिला मंडळाच्या दोघींनी जाऊन मुक्काम पाहून यावा. आणि पैसा? १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेचं बिल काढा. तेवढ्यात किती मुलींचा कॅम्प होतो, हे जयंती मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोजा.

मिरवणुकीत नाचणारी हजार पोरं आपल्याकडे आहेत. हुकूम देणाऱ्या आठ मुली प्रत्येक वस्तीत उभ्या करा.

जय भीम!