साखर बरणीत नव्हे, पेल्यात मोजावी

गौरी-गणपतींचे विसर्जन होते, मुंबईकर मंडळी परततात आणि कोकणातले घर एकाएकी रिकामे वाटू लागते. समया घासून पुसून जागेवर जातात, पाट भिंतीला लागतात. मग फडताळाच्या खालच्या फळीवर दोन-तीन बाटल्या हाती लागतात. आत गडद लाल पाक, झाकणाभोवती मुंग्यांची रांग. मे महिन्यात रातांबे फोडून हौसेने घातलेले हे अमृतकोकम! नातवंडांसाठी म्हणून केलेले असते. पण नातवंडे आली ती भर पावसात, आणि पावसात सरबत कोण मागतो?

वाचकहो, सिंधुदुर्गातल्या घरांत भाद्रपदाच्या अखेरीस हा प्रश्न हमखास उभा राहतो. टाकून द्यावे, तर करणाऱ्या वृद्ध हातांचा जीव दुखावतो. संपवायचे म्हणून रोज प्यावे, तर घरात मधुमेह आहे. आजच्या लेखात या उरलेल्या अमृतकोकमाचाच विचार करू.

घरात घडलेली एक गोष्ट

माझे माहेर मालवणजवळच्या एका खेड्यात. काही वर्षांपूर्वी आमच्या वहिनींनी आप्पांच्या मधुमेहाचा विचार करून अमृतकोकमात साखर निम्मीच घातली. हेतू अगदी चांगला होता. आईनेही हरकत घेतली नाही. श्रावणात एका रात्री फडताळात आवाज झाला. पाहतो तो बाटलीचे झाकण उडालेले आणि दारावर लाल शिंतोडे. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच पाकाचे सरबत आप्पा आठवडाभर घेत होते. ‘जरा फसफसतां, पण चव बरी आसा,’ असे त्यांचे म्हणणे.

पुढचे दोन दिवस त्यांचे पोट बिघडले. जेवण जवळजवळ बंद झाले, मधुमेहाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे चालू राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रक्तातली साखर फार खाली गेली होती. आईने ओळखले, साखरपाणी दिले आणि वेळ निभावली. साखर कमी करण्यासाठी केलेल्या उपायातून साखरच उतरण्यापर्यंत गोष्ट गेली, हे आम्ही कोणी विसरलेलो नाही.

साखर तेथे कशासाठी असते?

अमृतकोकमात साखर केवळ गोडीसाठी नसते. तीच त्याची राखणदार असते. साधारणपणे १ किलो ताज्या सालींना २ किलो साखर असे प्रमाण धरतात. सालींतला रस साखरेत उतरतो आणि पाक होतो. या प्रमाणात पाकातली साखर वजनाने ६५ टक्क्यांच्या वर राहते. एवढ्या दाट साखरेत पाणी जणू बांधले जाते. बुरशीला आणि किण्वाला वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी उरत नाही. साखर निम्मी केली, की हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास घसरते. कोकमाचा आंबटपणा बऱ्याच जंतूंना आवरतो, परंतु किण्वाला तो पुरेसा आवरत नाही. मग पाक आंबतो, वायू धरतो आणि झाकण उडवतो.

हा नियम साऱ्या जगातल्या पाकांना लागू आहे. कॅनडात मेपल नावाच्या झाडाचा रस आटवून पाक करतात. मूळ रसात साखर जेमतेम २ टक्के असते. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो, आणि त्यातही साखर ६६ टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. पाक पातळ राहिला तर तो तिकडेही आंबतो, आणि बाटली उघडल्यावर तिकडेही ती शीतकपाटातच जाते.

म्हणून साखर कमी करायची ती बरणीत नव्हे, पेल्यात. पाक दाटच करावा, थोडा करावा आणि घेताना मोजून घ्यावा.

उरलेली बाटली कशी पारखावी?

वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते, दृष्टीही. म्हणून ‘आजी, वास घेऊन बघा’ असे म्हणून ही जबाबदारी वृद्धांवर सोपवू नये. ती घरातल्या तरुण माणसाने घ्यावी.

बाटली मोरीत ठेवावी, झाकणावर जाड फडके धरावे आणि तोंड चेहऱ्यापासून दूर ठेवून हळू उघडावी. चमचाभर पाक पांढऱ्या वाटीत काढून दिवसाच्या उजेडात पाहावा. गडद बाटलीतला फेस बाहेरून दिसत नाही. फुसकारा, फेस, दारूसारखा किंवा शिरक्यासारखा वास, तार धरणारा बुळबुळीतपणा, फुगलेली प्लास्टिकची बाटली, पृष्ठभागावर किंवा झाकणाच्या आत बुरशीचा ठिपका, यांतले एकही लक्षण दिसले तर संपूर्ण बाटली टाकावी. वरची बुरशी काढून खालचा पाक वापरू नये. पुन्हा उकळूनही तो निर्धोक होत नाही. उकळल्याने किण्व मरेल, पण बुरशीने सोडलेली विषे उरू शकतात.

याउलट तळाशी साखरेचे खडे जमले असतील तर भिऊ नये. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात. तळाचा बारीक गाळ गराचा असतो. रंग लालवरून तपकिरी झाला असेल, तर उजेडाने आणि उष्णतेने कोकमाचे रंगद्रव्य उतरले एवढाच त्याचा अर्थ; इतर लक्षणे नसतील तर तो पाक आमटी-चटणीत लवकर संपवावा.

साठवण

चांगला निघालेला पाक लहान काचेच्या बाटल्यांत विभागावा. बाटल्या १० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून पूर्ण कोरड्या कराव्यात. ओलसर बाटलीत कडेचा पाक पातळ होतो आणि बुरशी तेथूनच सुरू होते. बाटली गळ्यापर्यंत भरावी. तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कोकम ठेवू नये. आंबटपणामुळे धातू पाकात उतरतो. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात झाकण सैल राहिले, तर साखर हवेतलेही पाणी ओढून घेते. एका वेळी एकच बाटली उघडावी, ती शीतकपाटात ठेवावी आणि चमचा कोरडा वापरावा. बाटलीवर मोठ्या ठळक अक्षरांत पदार्थाचे नाव, केल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख लिहावी.

नाव लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आगळ आणि अमृतकोकम दिसायला सारखेच. आगळ मिठावर टिकते. त्यात १५ टक्के मीठ धरले, तर एका मोठ्या चमच्यात २ ग्रॅमहून अधिक मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमहून कमी आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या पेल्यात चुकून आगळ जाऊ नये. त्यांच्या सोलकढीसाठी आगळाऐवजी बिनमिठाची सोले भिजवावीत.

संपवावे कसे?

आता पेल्याचा हिशेब. १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात पाक सुमारे २० ग्रॅम आणि साखर सुमारे १३ ग्रॅम असते, म्हणजे साखरेचे जवळजवळ तीन लहान चमचे. पाहुण्यांना आपण पेल्यात तीन मोठे चमचे सहज घालतो. वरून घातलेली, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातून येणारी साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निरोगी वृद्धांनी मोठ्या पेल्यात एक चमचा पाक, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि भरपूर पाणी घ्यावे. मधुमेह असेल तर सरबत रोजचे ठेवू नये. कधीतरी घ्यायचे तर अर्धा चमचा, तोही डॉक्टरांनी आखून दिलेल्या आहारात धरून. आम्लपित्त असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नये. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. आंबट आणि गोड दोन्ही दातांना बाधतात.

पाक स्वयंपाकात वापरला तर तो सर्वांच्या ताटात थोडा थोडा वाटला जातो. तुरीच्या आमटीत गूळ आणि सोले यांच्याऐवजी दोन चमचे पाक घालावा. काकडीच्या किंवा बिटाच्या कोशिंबिरीवर चमचाभर शिंपडावा. चिंच-गुळाच्या चटणीची जागाही तो छान घेतो. चावता येत नसलेल्यांसाठी पाकात चौपट पाणी घालून चायना ग्रासने मऊ वड्या बसवाव्यात. दाट पाक शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात नीट गोठत नाही. समभाग पाणी घालून बर्फाच्या साच्यात ओतला तर गोठतो, आणि एका वेळी एकच खडा काढता येतो. पाकातल्या साली वाया घालवू नयेत. मात्र त्याही साखरेने भरलेल्या असतात, हे ध्यानात असू द्यावे.

आणि एक छोटी बाटली जपून ठेवावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याला घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तेव्हा एक मोठा चमचा भरून थोडा अधिक पाक अर्धा पेला पाण्यातून द्यावा. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी; वाढली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना मात्र साखरेचा गुण उशिरा येतो. त्यांच्यासाठी ग्लुकोजची पूडच जवळ हवी.

आमच्या घरी आता आई दरवर्षी १ किलोच साली घेते आणि साखर पूर्ण २ किलो घालते. बाटल्या लहान, प्रत्येकीवर वहिनींच्या अक्षरात तारीख. आप्पांसाठी एक छोटा चमचा दोऱ्याने बाटलीला बांधलेला असतो. गणपतीत ते तो चमचा सगळ्यांना दाखवतात आणि म्हणतात, ‘माझो वाटो एवढोच, पण तो कोणी काढून घेवचो नाय.’ यंदा आपल्या फडताळातली बाटली उघडाल, तेव्हा ज्यांनी ती भरली त्यांना शेजारी बसवूनच उघडा. टाकावी लागली तरी का टाकतो ते त्यांना सांगा, आणि पुढच्या मे महिन्यातले प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.