मोठा हॉल, मोठे वॅट?

गावाकडे, हिंगोली जिल्ह्यात, घरातल्या मोठ्या हॉलची गाणी ऐकायची खोली करायची म्हटलं की जो तो मला विचारतो, "किती वॅटचे स्पीकर घेतोयस?" मंडळी, माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे.

वॅट म्हणजे स्पीकर किती पॉवर झेपवतो ते. आवाज किती देतो ते सेन्सिटिव्हिटी सांगते: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. ८६ डेसिबलवाल्याला १०० वॅट लागत असतील, तर तेवढ्याच आवाजाला ९२वाल्याला २५ पुरतात. हॉल मोठा, ऐकणारा लांब; म्हणून आधी हा आकडा बघा.

दुसरं म्हणजे घुमणं. सबाईनचं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ दुप्पट झालं आणि आवाज शोषणारं सामान तेवढंच राहिलं, तर घुमण्याचा काळही दुप्पट. फरशी आणि कोऱ्या भिंती असताना वॅट वाढवले की घुमणंही तेवढंच मोठं होतं. संत नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यातली. इथे अभंग लावला आणि शब्दच कळले नाहीत, तर काय उपयोग राव?

तेव्हा बजेटमधले थोडे पैसे जाड सतरंजी, गाद्या आणि पडद्यांसाठी काढून ठेवा. उरलेल्यात स्पीकर. दुकानदार हे सांगणार नाही!