पानावरची राख पंचनाम्यात येत नाही

मागच्या आठवड्यात मामाकडे गेलो होतो. सावनेर तालुक्यात. संत्र्याची दीडशे-पावणेदोनशे झाडं आणि बाकी वावरात कापूस. चहा व्हायचा होता म्हणून बागेत चक्कर मारली. मामानं एका झाडाचं पान तोडलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्यासमोर धरला. अंगठा राखाडी.

"हे पाय भाऊ. पाऊस येऊन गेला की आठ दिवस हिरवं दिसते, मंग पुन्हा असंच."

मी विचारलं, कुठून येते? मामा हसला. "तुले मालूम नाही का? पण लिहून दे म्हटलं तर कोणी देत नाही."

कुठल्या चिमणीची, कुठल्या तलावाची की रस्त्यावरच्या ट्रकची, हे मीही इथे लिहिणार नाही. कारण मला सिद्ध करता येत नाही. मामालाही येत नाही. सगळी गोष्ट इथेच अडकते, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा.

नागपुरात प्रदूषण म्हटलं की आपण खोकला, दमा, सिव्हिल लाइन्सचा आकडा एवढंच बोलतो. ते बरोबरच आहे. पण झाडाला ना मास्क लावता येत, ना गाव सोडून जाता येत. पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. झाड त्यातून हवा घेतं. सल्फर डायऑक्साइड तिथूनच आत जातो आणि पेशीत आम्ल तयार करतो. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा, मग तपकिरी पडतो. शेतकरी म्हणतो रोग आला, आणि फवारणी करतो. राखेचं काम वेगळं. ती वर बसते, ऊन अडवते, रंध्रं बुजवते. पान जिवंत असतं, पण पोटभर जेवत नाही.

आता कोणी म्हणेल, राख तर जमिनीला चांगली असते. असते ना! काळ्या भारी मातीत योग्य प्रमाणात मिसळली तर माती भुसभुशीत होते, हे संशोधनातून आलेलं आहे. पण मातीत मिसळलेली राख आणि पानावर बसलेली राख यात मीठ भाजीत टाकणं आणि डोळ्यात टाकणं एवढा फरक आहे.

कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक केंद्रं आपल्या उशाशी आहेत. आपल्याकडच्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. म्हणजे शंभर ट्रक कोळसा जाळला की तीस-चाळीस ट्रक राख कुठेतरी ठेवावी लागते. जुलै २०२२ मध्ये पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत गेलं, ते आठवत असेल. त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगावच्या राख तलावात राख टाकणं तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी थांबवायला लावलं होतं. या बातम्या झाल्या, कारण त्यांचे फोटो निघतात. रोज हवेतून थोडं थोडं येतं त्याचा फोटो निघत नाही.

तिकडे वणी, घुग्घुसकडे जा. खाणीच्या रस्त्यालगतचा कापूस पाहा. वेचणीला आलेलं बोंड उघडं असतं आणि बाजूनं कोळशाचे ट्रक. कापूस काळपट होतो. माझा एक मित्र त्या भागातला. तो सांगतो, व्यापारी मूठ उघडून पाहतो आणि काही न बोलता भाव कमी करतो. वजन तेच, मेहनत तीच. पांढरं सोनं म्हणून वाढवायचं आणि मातीमोल विकायचं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते ओझोनबद्दल. वर आकाशातला ओझोन चांगला, जमिनीजवळचा वाईट. तो कुठल्याच चिमणीतून थेट निघत नाही. गाड्या आणि वीज केंद्रांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, पेट्रोल-सॉल्व्हंटची वाफ आणि आपलं विदर्भाचं ऊन, हे एकत्र आलं की तो तयार होतो. गंमत अशी की शहरात गाड्यांचा ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो, म्हणून तो बरेचदा शहरापेक्षा वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या गावांत जास्त सापडतो. आणि आपली हवा मोजणारी यंत्रं कुठे? सिव्हिल लाइन्स, रामनगर, महाल, अंबाझरी. वावरात एकही नाही.

पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये गहू, तांदूळ, सोयाबीन, कापूस या चार पिकांवर ओझोनचा हिशेब मांडला होता. गव्हाचं नुकसान देशभरात वर्षाला सुमारे ३५ लाख टन, तांदळाचं २१ लाख टन. दारिद्र्यरेषेखालच्या साधारण ९ कोटी ४० लाख लोकांना पुरेल एवढं धान्य. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वाऱ्याची दिशा आणि कोळशाच्या वीज केंद्रांची रोजची निर्मिती ताडून पाहिली. काही भागांत एकट्या कोळशाच्या धुरानं भात-गव्हाचं उत्पादन १० टक्क्यांहून जास्त घटत असल्याचं त्यांना दिसलं, आणि परिणाम शंभर किलोमीटरपर्यंत. नकाशा उघडा आणि कोराडीपासून शंभर किलोमीटरचा गोल काढा. रामटेक, पारशिवनी, मौद्याचा धान त्यात. काटोल, नरखेडची संत्री त्यात. पेंचचं जंगल त्यात.

जंगलाचं आणखी अवघड. तिथे नुकसान सांगायला मालकच नाही. सावजी मसाल्यात आपण दगडफूल टाकतो ना, ते म्हणजे लायकेन. खडकावर, झाडाच्या सालीवर वाढतं. त्याला मुळं नसतात, जे लागतं ते सगळं हवेतून घेतं. म्हणून सल्फरची हवा आली की बऱ्याच जाती आधी मरतात. युरोपातले लोक दीडशे वर्षांपासून झाडाच्या सालीवर लायकेन आहे की नाही, यावरून हवा ओळखतात. यंत्र नाही, वीज नाही, पासवर्ड नाही. गोरेवाड्याला फिरायला जाता ना? मोबाइलमधून डोकं काढून एकदा सालीकडे पाहा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. संत्र्याची प्रत्येक फळगळ धुरामुळे होते असं मी म्हणत नाही. अतिपाऊस, बुरशी, माशी, चुकलेला ताण, दहा कारणं आहेत. मामाच्याच बागेत या वर्षी निम्मी चूक पाण्याची होती, तो स्वतः कबूल करतो. पण दहा कारणांत अकरावं आहे की नाही, हे कोणी मोजलंच नाही तर सगळं शेतकऱ्याच्या माथी मारणं फार सोपं जातं.

आता कायद्याचं पाहू. २००९ च्या हवा मानकांत सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आहे. केंद्रानं जाहीर केलेल्या संवेदनशील पर्यावरण क्षेत्रासाठी २०. म्हणजे झाडांना माणसापेक्षा जास्त त्रास होतो, हे सरकारलाच मान्य आहे. पण शेतीसाठी वेगळा रकानाच नाही! ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम. शास्त्रज्ञ पिकाचं नुकसान मोजायला सुरुवात करतात ४० पीपीबीपासून, म्हणजे साधारण ८० मायक्रोग्रॅमपासून. कागदावर हवा पास, वावरात पीक नापास.

आणि पीकविमा? गारपीट, पूर, दुष्काळ, कीड चालते. टाळता येण्याजोगे धोके विम्यात बसत नाहीत. प्रदूषण टाळता येतं म्हणून भरपाई नाही, आणि टाळलंही जात नाही. वा रे न्याय!

वीज केंद्रांनी धुरातला सल्फर काढायची यंत्रणा बसवावी, हा नियम डिसेंबर २०१५ चा. मुदत २०१७ ची होती. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. कारण दिलं की आपल्या कोळशात सल्फर कमी आहे आणि हवेतलं प्रमाण मर्यादेत आहे. कोणाची मर्यादा आणि कुठे मोजलेली, हे वर लिहिलंच आहे. ज्यांना यंत्रणा बसवावीच लागेल ती केंद्रं ठरली दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या हिशेबानं. म्हणजे माणसं मोजून. त्यात झाडं, एकर, क्विंटल कुठेच नाहीत.

२९ मे २०२३ ला कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटच्या संचांसाठी जनसुनावणी झाली तेव्हा गर्दी, घोषणा सगळं झालं. रोजगाराची बाजूही खोटी नव्हती, आजूबाजूच्या पोरांना काम पाहिजेच. आरोग्यावर लोक बोलले. कापसावर, संत्र्यावर बोलणाऱ्याला पुढच्या वेळी तरी माइक मिळायला पाहिजे, आणि त्याच्या हातात आकडे पाहिजेत.

आकडे कोण देणार? याच शहरात निरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था आहे, माती सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय आहे. हवा, कापूस, संत्रा, माती. चौघंही एका रिक्षाच्या भाड्यात भेटतील. दहा गावांत तीन हंगाम हवा आणि पीक सोबत मोजा, आणि मराठीत छापा. एवढंच मागणं आहे.

मामानं निघताना विचारलं, "मंग अर्ज कोणाले देऊ?" मी म्हटलं, एक कृषी सहायकाला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला, आणि दोन्हीची पोच घे. पानाचे फोटो तारखेसकट काढायला भाच्याला शिकवलंय, दर रविवारी त्याच त्या पाच झाडांचे. अर्ज उद्या टाकतोय. काय उत्तर येतं ते इथेच सांगतो. तुमच्याकडेही असं वावर असेल तर गाव आणि पीक कमेंटमध्ये लिहा. फोटोत तारीख दिसली पाहिजे, बाप्पा.