पेपरात आलंय म्हणजे खरंच का?

शेतकरी बंधूंनो, शत्रू म्हटला की आपल्याला सीमेवरचा बंदूकवाला आठवतो. पण ही गोष्ट ऐका. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पॅट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे अमेरिकेतला नामांकित शास्त्रज्ञ. एड्स हा रोग अमेरिकी लष्करानं प्रयोगशाळेत तयार केला, आता तसलेच प्रयोग पाकिस्तानात होणार आणि रोग भारताच्या दारात येणार, असा मजकूर. हे सारं कारस्थान सोव्हिएत हेरखात्याचं, म्हणजे केजीबीचं. त्या वेळी फार कुणी लक्ष दिलं नाही. पण १९८५ साली मॉस्कोच्या एका साप्ताहिकानं तीच थाप पुन्हा छापली आणि आधार काय दिला, तर भारतातल्या पेपरात आलंय! आपणच पेरायचं आणि दुसऱ्याच्या रानात उगवलं म्हणून बोट दाखवायचं. १९८७ पर्यंत ती ऐंशीहून अधिक देशांत फिरली. १९९२ मध्ये रशियाच्या हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी कबुली दिली, तोवर नऊ वर्षं गेली होती. आणि रशिया तेव्हा आपला मित्र बरं का! मित्रानंच आपलं अंगण वापरलं.

आता तर पेपरसुद्धा लागत नाही. आसामातल्या दंगलीनंतर ऑगस्ट २०१२ मध्ये मोबाईलवर अशा अफवा उठल्या, की ईशान्येकडची हजारो माणसं बंगळूर, पुणं सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत बसली. भडकवणारी बरीच छायाचित्रं पाकिस्तानातून आल्याचं केंद्रीय गृहसचिवांनी तेव्हा सांगितलं.

ही शहराची गोष्ट झाली, म्हणाल. मग राईनपाडा आठवा. साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. मुलं पळवणारी टोळी आली, ही आवई मोबाईलवर आधीच फिरत होती. पाचही जणांना जमावानं ठार मारलं. यात परदेशी हात होता असं मी म्हणत नाही. पण कुणी न पेटवता एवढं झालं, तर उद्या कुणी ठरवून काडी टाकली म्हणजे काय होईल, याचा विचार करा.

गावच्या शांततेला बाध येईल अशी खबर पोलीस ठाण्याला देणं हे १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं पोलीस पाटलाचं कामच आहे. पण पाटील बाजाराला गेलेले असले तर? सरपंच मंडळी, पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. अफवा आली की ठाण्याला फोन कोण करणार, देवळावरच्या भोंग्यावरून गावाशी कोण बोलणार, परक्या माणसाला सुखरूप कुठं बसवणार, आणि त्या दाराशी उभं कोण राहणार, ते नावानिशी ठरवा. राईनपाड्याला त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्याच खोलीत कोंडून मारलं होतं.