वाढत्या अंगाची सायकल

ईद झाली, ईदीचे पैसे मोजून झाले की घरोघर सायकलीचा विषय निघतो. या खेपेस एका वाचक भगिनीने विचारले आहे : मुलगा १३ वर्षांचा, उंची ४ फूट १० इंच. त्याला बीएमएक्सच हवी आहे. त्याचे अब्बा म्हणतात, एवढ्याशा चाकाची सायकल घेऊन काय करायची? २६ इंची घेऊ, कॉलेजपर्यंत पुरेल. कोणाचे ऐकावे?

अब्बांचा हिशेब आपल्या सगळ्यांच्याच घरात चालतो. ईदचा कुर्ता दोन बोटे लांब शिवायचा, चपला एक नंबर मोठ्या घ्यायच्या. पोर वाढते आहे, पुढच्या वर्षी नेमके बसेल. कुर्त्याला दुमड घालता येते, सायकलीला येत नाही. शाळेच्या सायकल स्टँडवर अशा 'वाढत्या अंगाच्या' सायकली आम्ही रोज पाहतो. मुलगा सीटच्या पुढच्या टोकावर सरकून बसतो, अंगठ्याने पॅडल शोधतो आणि गाडी थांबवताना आधी एका बाजूला कलतो, मग पाय टेकतो. समोरून रिक्षा आली तर त्या मधल्या क्षणाचे काय, हा विचार काटकसर करणाऱ्याने करायला हवा.

आता बीएमएक्सकडे येऊ. हे नाव 'बायसिकल मोटोक्रॉस'वरून आले. १९७० च्या सुमारास अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात, मोठ्यांच्या मोटारसायकल शर्यती पाहून मुलांनी आपल्या २० इंची चाकांच्या सायकली मातीच्या उंचवट्यांवरून उडवायला सुरुवात केली. तो पोरखेळ २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक शर्यत झाला, आणि कसरतींचा प्रकार, म्हणजे फ्रीस्टाइल, टोकियो ऑलिम्पिकमध्ये आला. या सगळ्या प्रवासात चाक बहुतांशी २० इंचीच राहिले. सहा फुटी खेळाडूही तेच चाक वापरतो. म्हणजे 'छोट्या चाकाची सायकल लवकर लहान होईल' ही अब्बांची भीती इथे फारशी लागूच पडत नाही.

मग माप कशात असते? आडव्या दांडीत. सीटखालच्या उभ्या नळीच्या मध्यापासून पुढे, हँडलखालच्या नळीच्या मध्यापर्यंत जी लांबी भरते, ती बीएमएक्सची खरी साइज. दुकानदार चाक सांगतो, आपण दांडी विचारायची. सर्वसाधारणपणे उंची ५ फुटांच्या आसपास असेल तर २० इंच दांडी, साडेपाच फुटांना २०.५ च्या आगेमागे, सहा फुटांना २१ इंच. ४ फूट १० इंचाच्या मुलाला १९.५ ते २० इंच ठीक बसेल. आकडे किरकोळ वाटतात, पण अर्ध्या इंचाने हात आणि पाठ यांची सगळी बैठक बदलते. चार फुटांच्या आतबाहेरच्या मुलांसाठी १८ इंची चाकाची येते, त्याहून लहानांसाठी १६ इंची. २४ इंची चाकाची बीएमएक्सही असते, तिला क्रूझर म्हणतात. ती मोठ्यांच्या हौसेची.

सीटची उंची पाहून मात्र फसू नये. बीएमएक्सची सीट मुद्दामच खाली असते, कारण ही सायकल बसून चालवायची नाही. दोन्ही पॅडलवर उभे राहायचे, गुडघे सैल ठेवायचे आणि सायकल अंगाखाली हलू द्यायची. म्हणून दुकानात मुलाला सीटवर बसवून 'हो, बसतेय' म्हणू नका. त्याला पॅडलवर उभे करा. कोपरे किंचित वाकलेली असावीत, हँडल वळवताना ते गुडघ्याला लागू नये आणि पाठीला कुबड येऊ नये. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला तर दोन्ही टाचा जमिनीवर पुऱ्या टेकल्या पाहिजेत. मापात दोन सायकली बसत असतील आणि मुलाला गरगर फिरवायची हौस असेल तर आखूड घ्या, वेगाची असेल तर लांब. आखूड चटकन वळते, लांब वेगात स्थिर राहते.

हौसेचा प्रश्न इथेच येतो. मुले सरसकट 'बीएमएक्स' म्हणतात, पण त्या एका नावाखाली बरीच घराणी आहेत. शर्यतीची सायकल हलकी, बहुधा अॅल्युमिनियमची. टायर त्यातल्या त्यात अरुंद, ब्रेक फक्त मागे. रस्त्यावरच्या कसरतींसाठी म्हणजे स्ट्रीटसाठी फ्रेम दणकट, टायर २.३ इंचांच्या आसपास रुंद आणि चाकांच्या एक्सलला बाहेरून लावलेली नळकांडी, ज्यांना पेग म्हणतात. या पेगवर कठडा किंवा पायरीची कड घासत नेतात. पार्क म्हणजे लाकडी किंवा सिमेंटच्या उतारांवर खेळणे, त्याची सायकल स्ट्रीटपेक्षा थोडी हलकी. मातीच्या उड्यांसाठी खाचेदार टायर. आणि फ्लॅटलँड, ज्यात सपाट जमिनीवर एका चाकावर नाचल्यासारखी सायकल फिरवतात, त्यासाठी फ्रेम आखूड आणि टायर गुळगुळीत. आमच्या मते हा शेवटचा प्रकार आपल्या मोहल्ल्यांना सर्वांत सोयीचा आहे. शाळेचे पटांगण सुट्टीच्या दिवशी मोकळे मिळाले तरी पुरते, उतार बांधावे लागत नाहीत. पण मुलांना व्हिडिओत उड्या दिसतात, ती बिचारी उड्याच मागतात.

उड्या मारायच्या असतील तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बाजारात 'बीएमएक्स' म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे केवळ दिसायला बीएमएक्स असते. रंग भडक, हँडल उंच, आत साधी सायकल. ती गल्लीत फिरवायला वाईट नाही, पण तीन फुटांवरून जमिनीवर आदळली तर रिम वाकते किंवा पुढचा चिमटा दगा देतो. ओळखायचे कसे? फ्रेम कशाची आहे ते विचारा. साधे हाय-टेन्साइल पोलाद स्वस्त आणि जड. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद, महाग पण हलके आणि चिवट. निदान पुढचा चिमटा आणि मुख्य नळी तरी क्रोमोलीची असावी. मग मागच्या चाकाचा एक्सल पाहा. कसरतीच्या सायकलीला तो १४ मिलिमीटर जाड असतो, साध्याला सुमारे १० मिलिमीटर. पेग लावायचे आणि एक्सल बारीक, हे जमणार नाही. पॅडलच्या दांड्या आणि मधला एक्सल मिळून तीन वेगळे भाग असावेत, एकाच सळईला वाकवून केलेले नकोत. हे सगळे जुन्या सायकलीतही पाहता येते, आणि चांगली जुनी ही दिखाऊ नवीपेक्षा केव्हाही बरी. फक्त हँडलखालच्या जोडाजवळ बारीक चीर किंवा रंगाला पडलेली सुरकुती दिसली तर भाव विचारूच नका.

हप्त्याने घेऊ, असेही काही जण म्हणतात. कागद नीट वाचावा. 'बिनव्याजी'च्या पुढे प्रोसेसिंग फी कशाची आहे हे दुकानदाराला विचारावे. खेळण्याच्या वस्तूसाठी सूदच्या वाटेला जाण्याइतकी घाई कसली?

आता अब्बांच्या बाजूने एक बोलायला हवे. रोज चार-पाच किलोमीटर शाळेला जायचे असेल, दप्तर कॅरिअरला बांधायचे असेल, पावसात चिखल उडणार असेल, तर बीएमएक्स ही चुकीचीच निवड आहे. तिला गिअर नाही, सीट खाली, बहुधा मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, दिवा नाही. दोन किलोमीटरवर मांड्या भरून येतात. अशा मुलाला मापाची साधी सायकल घ्यावी, त्याच्या उंचीला ती २४ इंची. २६ इंची नव्हे. तेव्हा मुलाला नाव विचारू नका, दिवस विचारा. सकाळी सायकल कुठे जाणार, संध्याकाळी कुठे, तिच्यावर काय करणार? उत्तर 'शाळा आणि ट्यूशन' असेल तर हट्ट फक्त नावाचा आहे. उत्तर 'ग्राउंडवर' असेल तर बीएमएक्स घ्या.

भगिनीने पत्राच्या शेवटी, सहज म्हणून, लिहिले आहे की ११ वर्षांची मुलगीही मागते आहे, पण तिला आता काय शिकवायचे? यावर आम्ही जरा थांबलो. सातवी-आठवीनंतर आपल्या मुली सायकल स्टँडवरून दिसेनाशा होतात, हे दर वर्षी पाहतो. कुणी बंदी घालत नाही, फक्त सायकल लहान होते आणि नवी येत नाही. रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस अबू दाऊदमध्ये आहे, ती आपण मुलींनाही सांगतोच ना? कोलंबियाच्या मारियाना पाहोन हिने बीएमएक्स शर्यतीत २०१२ आणि २०१६ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके घेतली. आपल्या मुलीने ऑलिम्पिकला जावे असे नाही. अंगणात नीट चालवावी. बीएमएक्सची दांडी खाली असल्याने सलवार-कमीज घालूनही चढायला सोपे जाते. मात्र हिच्या चेनला बहुधा झाकण नसते. उजवा पायचा रबराने किंवा चिमट्याने घट्ट बांधावा, ओढणी मागे गाठ मारून ठेवावी.

हेल्मेट दोघांनाही, पहिल्या दिवसापासून. उंट बांधून मग तवक्कुल करायचे, हे मदरशात शिकलेल्या मुलाला वेगळे समजवावे लागत नाही. ईदीच्या पैशांतून हेल्मेट आधी बाजूला काढावे, उरलेल्यात सायकल पाहावी.

आणि सायकल 'सरप्राइज' म्हणून आणू नका, मुलांना दुकानात न्या. सोबत शिवणाचा टेप ठेवा. दांडी तुम्ही स्वतः मोजा. घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी हँडलचे, पॅडलचे आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, नव्या सायकलीचे ते थोडे सैल पडतातच.