‘उद्यापासून नको’ एवढं म्हणणं पुरेसं का नाही?

गेल्या आठवड्यात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पासबुक भरून आणलं. वर्षाच्या वर भरलेलंच नव्हतं. मशीनने टकटक करत चार पानं छापली. रात्री जेवणं झाल्यावर आप्पा चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचत बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे दर महिन्याला १९९ कुणाला देतोय रे मी?"

मी बघितलं. महिन्याच्या साधारण त्याच तारखेला १९९ रुपये वजा. पुढे यूपीआय, मग बारा आकडी नंबर, मग कुठल्यातरी कंपनीच्या नावाची अर्धवट तुटलेली इंग्रजी अक्षरं. मागे मागे जात मोजलं तर चौदा वेळा. १९९ गुणिले १४, म्हणजे २,७८६ रुपये. आणि त्या सगळ्यांच्या आधी, अगदी वर, एक रुपयाची नोंद.

त्या एका रुपयावरून सगळं लक्षात आलं. आप्पांना कीर्तनं ऐकायचा नाद. मोबाईलवर जाहिरात आली, ‘फक्त १ रुपयात सगळी कीर्तनं ऐका’. शेजारच्या पोराने ॲप टाकून दिलं, आप्पांनी पिन टाकला. तीन दिवस ऐकलं, आवडलं नाही, ॲप काढून टाकलं. पुढे तो फोनच पाण्यात पडला. आज आप्पांकडे बटणांचा साधा फोन आहे. ॲप गेलं, फोन गेला, पण १९९ काही जायचे थांबले नाहीत.

आता इथे कुणीतरी म्हणणारच, "पिन त्यांनीच टाकला ना? मग तक्रार कसली?" बँकेतही मला शब्दशः हेच ऐकवलं. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

आपल्याकडे रतीब नवा नाही. दुधाचा रतीब असतो, पेपरचा असतो. सुरू करताना आपण ‘उद्यापासून अर्धा लिटर टाका’ म्हणतो. नको असेल तर ‘उद्यापासून नको’ म्हणतो. विषय संपला. दूधवाला कधी म्हणाला का, "बंद करायचं तर आधी ज्या पातेल्यात पहिलं दूध घेतलंत तेच पातेलं घेऊन या"? सुरू करायला जेवढे शब्द, बंद करायलाही तेवढेच. याला व्यवहार म्हणतात. सुरू करायला एक बोट आणि बंद करायला तीन हेलपाटे, याला व्यवहार नाही, सापळा म्हणतात.

आणि हेलपाटे खरोखरच तीन झाले. पहिल्यांदा काउंटरवर सांगितलं, "आमच्या हातात काही नाही, कंपनीला विचारा." कंपनीचा फोन नंबर नाही, फक्त ईमेल. ईमेलला उत्तर आलं, "तुमच्या यूपीआय ॲपमधून रद्द करा." दुसऱ्यांदा बँकेत गेलो, "साहेब रजेवर आहेत." तिसऱ्यांदा साहेब भेटले, म्हणाले, "ग्राहकाने स्वतः परवानगी दिलीय, आम्ही कसं थांबवणार?" शेवटी घरी येऊन आप्पांचं सिमकार्ड माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं, यूपीआय ॲप नव्याने सुरू केलं, त्यात ‘ऑटोपे’ नावाचा कोपरा शोधला आणि पिन टाकून ती परवानगी रद्द केली. शोधल्यावर काम दोन मिनिटांचं. हे दोन मिनिटांचं काम पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं नाही, कारण सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं म्हणे.

आता नियम काय म्हणतो ते ऐका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी नियम आणले. आधी कार्डांसाठी, मग जानेवारी २०२० मध्ये यूपीआयसाठीही. यूपीआय ऑटोपे त्याच वर्षी जुलैत आलं. या नियमांत चार गोष्टी स्पष्ट आहेत. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. त्या सूचनेवरून ग्राहकाला तो हप्ता किंवा अख्खी परवानगीच नाकारता आली पाहिजे. परवानगी कधीही मागे घेता यावी अशी ऑनलाइन सोय खातं सांभाळणाऱ्याने द्यायची. आणि या सगळ्यासाठी ग्राहकाकडून वेगळं शुल्क घ्यायचं नाही.

म्हणजे नियम वाईट नाही. कागदावर तर आप्पा पूर्ण सुरक्षित आहेत!

प्रत्यक्षात काय? २४ तास आधीचा मेसेज येत होता, मी बघितला. इंग्रजीत. कीर्तनाचं नाव नाही, ॲपचं नाव नाही, पैसे गोळा करणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचं नाव. त्यात रद्द करायची लिंक, जी बटणांच्या फोनवर उघडतच नाही. आणि दिवसाला कर्जाचे, लॉटरीचे, रिचार्जचे वीस मेसेज येत असताना चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने नेमका तोच ओळखायचा. नियम पाळला. माणूस मात्र वाऱ्यावर.

शिवाय १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागतच नाही. आधी ही मर्यादा ५,००० होती, २०२२ मध्ये वाढवली. लाईट बिल, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा हप्ता यासाठी सोय चांगलीच आहे, मीही वापरतो. माझं भांडण ऑटोपेशी नाही. पण दार जितकं मोठं उघडाल, तितकी कडी मजबूत हवी ना?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सगळं खापर ॲपवाल्यांवर फुटेल आणि बँका नामानिराळ्या राहतील.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. त्यांच्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा होतात. मेच्या शेवटी काढायला गेल्या तर ४३६ रुपये कमी. घाबरून माझ्याकडे आल्या, "दादा, कुणी फसवलं का हो?" पासबुक बघितलं. पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता. खातं उघडताना सात-आठ ठिकाणी सह्या घेतल्या होत्या, त्यातलीच एक याची. कशाची सही हे कुणी सांगितलं नव्हतं.

विमा वाईट नाही. ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण म्हणजे गरिबासाठी मोठीच गोष्ट. पण विचार करा. ज्या बाईला आपला विमा उतरलाय हेच माहीत नाही, तिचं काही बरंवाईट झालं तर तिच्या मागे दावा करणार कोण? तिच्या पोरांना कोण सांगणार? हप्ता दरवर्षी न चुकता कापला जाईल आणि ज्या दिवशी दोन लाखांची खरी गरज, त्या दिवशी घरात कुणाला पत्ताच नसेल. न सांगता कापलेला चांगला हप्तासुद्धा शेवटी नुकसानच करतो.

मावशींना मी समजावलं, योजना चालू ठेवली, वारस म्हणून लेकीचं नाव आहे ना हे बँकेत तपासलं. पण हे काम माझं होतं की सही घेणाऱ्याचं?

तिसरा प्रकार तर आणखी भारी. मुलाचा क्लास लावताना, जिम लावताना बँकेतून थेट हप्ता कापायची परवानगी घेतात. क्लास सोडला तरी ती परवानगी जिवंत. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो आणि बँक परतीचा दंड लावते, वर १८ टक्के जीएसटी. महिन्यातून दोनदा प्रयत्न केला तर दंडही दोनदा. म्हणजे जी सेवा घेतलीच नाही, तिचे पैसे न दिल्याचा दंड! आणि हा दंड जातो कुणाकडे? "आमच्या हातात काही नाही" म्हणणाऱ्या त्याच बँकेकडे. दंड कापायला मात्र हात बरोबर पोहोचतो.

म्हणून ‘लोकांनी जागरूक राहावं’ हे पालुपद मला आता ऐकवत नाही. जागरूक राहावंच. पण ज्याच्या तिजोरीत पैसे आहेत त्याचीही काही जबाबदारी आहे की नाही? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना फसवण्याच्या तेरा ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी काढली. त्यात ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ नावानिशी आहे. रद्द करायचं बटण लपवणं, रद्द करणं किचकट करणं, फुकट सेवेसाठीसुद्धा आपोआप पैसे कापायची परवानगी सक्तीने घेणं, हे सगळं त्यात आलं. म्हणजे सरकारच म्हणतंय की हा सापळा आहे. मग सापळ्यात अडकलेल्यालाच ‘तू पाय का टाकलास’ म्हणून कसं विचारता?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत.

एक, प्रत्येक शाखेत एक पानी मराठी अर्ज ठेवा: ‘माझ्या खात्यावर चालू असलेल्या सर्व परवानग्यांची यादी द्या आणि खालील परवानग्या बंद करा.’ ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला याशिवाय मार्गच नाही. ग्राहकांच्या वापरातले छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत हवेत हे रिझर्व्ह बँकेनेच सांगून ठेवलंय.

दोन, कापण्याआधीचा मेसेज मराठीत आणि ज्या नावाने ॲप विकलं त्याच नावाने पाठवा. बटणांच्या फोनवरून नुसतं ‘नको’ असं उत्तर पाठवून थांबवता आलं पाहिजे.

तीन, एक रुपयाची परवानगी एक रुपयाचीच धरा. १९९ कापायचे असतील तर तेव्हा पुन्हा विचारा.

चार, बंद केलेल्या सेवेच्या हप्त्यावर परतीचा दंड नको.

यातलं एकही काम अवघड नाही. जी यंत्रणा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पैसे पाठवते, तिला एक अर्ज छापणं जड जाईल असं मला वाटत नाही. फक्त इच्छा हवी.

तोपर्यंत आपण काय करायचं? आज संध्याकाळी आईवडिलांचा फोन घ्या. प्रत्येक यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ बघा, दोन ॲप असतील तर दोन्हीकडे. नुसतं ॲप काढून टाकल्याने काहीही थांबत नाही, परवानगी रद्द करावी लागते. कार्डावरची परवानगी बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये सापडते. क्लास, जिम, कर्ज यांची असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी सांगितलेलं बँकेत वाऱ्यावर जातं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि जो व्यवहार तुम्ही केलेलाच नाही, पिनही दिलेला नाही, तो दिसला तर तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेला कळवा. तो मुद्दा वेगळा आहे आणि तिथे उशीर महागात पडतो.

आप्पांचं काय झालं? तिसऱ्या ईमेलनंतर कंपनीने ‘सदिच्छा म्हणून’ एका महिन्याचे १९९ परत केले. उरलेले २,५८७ गेले. लोकपालाकडे जायच्या आधीची बँकेची लेखी तक्रार काल दिली, पोच घेतली. आप्पा म्हणतात, जाऊ दे रे, कीर्तनाची दक्षिणा समजू.

मी म्हटलं, आप्पा, दक्षिणा आपण आपल्या हाताने देतो. ही खिशात हात घालून काढलीय.